दोघींनी पाहिलं होतं

भिलाई, सेक्टर २
१२ जानेवारी १९६२

प्रिय भामा,

सप्रेम नमस्कार.

सहलीहून आल्यावर तिसऱ्याच दिवशी तू न सांगता नागपूरला निघून गेलीस, म्हणून मी आठ दिवस फुगून बसले होते. काल दुर्गच्या बसस्टँडवर तुझी शालू भेटली. "सिंधुमावशीले बरं नाई, म्हणून ताईले पाठवलं," म्हणाली. मग राग गेला. मावशींना माझा नमस्कार सांग आणि तू स्वतः नीट जेवत जा. मावशींच्या मागेपुढे करताना तुला स्वतःची आठवण राहायची नाही.

आता कामाचं. केवलरामला सस्पेंड केलंय. ही बातमी आपल्या सहलीच्या ट्रकवाल्या धोंडबाने आणली. जामुलला त्याचं घर बाबांच्या ओळखीचं आहे, तो मुद्दाम येऊन सांगून गेला. मेलेल्या बारशिंग्या नराची शिंगं आणि कातडं म्हणे केवलरामच्या झोपडीमागे सापडलं. बावीस वर्षं जंगलात गार्डची नोकरी केलेला माणूस आपल्याच झोपडीमागे शिंगं ठेवील का, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

मी अर्जाचा मसुदा लिहिलाय. तो इथे उतरवते. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

"आम्ही खाली सह्या करणाऱ्या दोघी, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी, कॉलेजच्या सहलीसोबत नॅशनल पार्कमध्ये वन्यप्राण्यांच्या अभ्यासासाठी गेलो होतो. दिनांक २८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी आम्ही दोघी मैदानाच्या पूर्वेकडील मचाणावर बारशिंग्यांची मोजणी करत होतो. गार्ड केवलराम आम्हाला मचाणावर पोचवून, सरांच्या सांगण्यावरून, बाकीच्या विद्यार्थ्यांना घेऊन नाल्याकडे पावलांचे ठसे दाखवायला गेला होता. सात वाजून पाच मिनिटांनी मैदानाच्या कडेला जीप थांबली. जीपमध्ये श्री. देवीदास शेठ, ठेकेदार, दुर्ग, व त्यांचा ड्रायव्हर होते. शेठ सहलीत पाहुणे म्हणून आले होते व जीप आणि ट्रक त्यांचेच होते. शेठने जीपमध्ये बसूनच बंदूक चालवली. कळपातला मोठा नर पडला. ड्रायव्हरने तो ओढत जीपपर्यंत नेला. धुकं त्या वेळी विरलेलं होतं व आम्हाला दोघांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. त्या वेळेची नोंद वहीत आहे."

बरोबर आहे ना? त्या नराच्या शिंगांना ओलं गवत लटकलेलं होतं, ते मी अर्जात घातलं नाही. साहेबलोकांना त्याचं काय? पण मला अजून तेच दिसतं. अर्ध्या मिनिटापूर्वी तो मान ताणून ओरडत होता आणि तू हसून म्हणाली होतीस, "नवरदेव मुंडावळ्या बांधून निघाला बघ." मग तू माझा हात इतका दाबलास की बांगडी पिचली. तू रडत होतीस, मीही.

खाली सही करून मसुदा परत पाठव. मी दोन प्रती करून वनखात्याच्या साहेबांना पाठवते.

तुझी,
हिरा


अजनी, नागपूर
२० जानेवारी १९६२

प्रिय हिरे,

तुझं पत्र मिळालं आणि इथल्या चार भिंतींत खिडकी उघडल्यासारखं झालं. रागावू नकोस ग. तार आली, आईने पेटी भरली, गाडीत बसवून दिलं. मावशीचं दुखणं रेंगाळणारं आहे. त्यात सगळीकडे अष्टग्रहीचा बोभाटा. फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार म्हणून आमच्या गल्लीत रोज होम. डोळ्यांत धूर जाऊन जाऊन माझा अभ्यास पार बुडाला.

केवलरामचं वाचून जेवण गेलं नाही. तुझा मसुदा छान आहे. तू लिहिलंस की ते नेहमी सरळ रुळावरून चालल्यासारखं असतं. फक्त मला वाटतं, घाई करू नये. शेठ मोठा माणूस. आपला अर्ज कच्चा पडला तर उलट केवलरामलाच जड जाईल. मावशीच्या यजमानांच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांना दाखवते.

त्यांना मूळ नोंद लागेल. तुझी वही रजिस्टरने पाठवशील? आठही दिवसांचे आकडे, वेळा, तू काढलेला मैदानाचा नकाशा, सगळं त्यात आहे. माझ्या वहीत तर निम्मी पानं कोरी आहेत, तुला माहीतच आहे. मी नक्कल करून, वकिलांना दाखवून लगेच परत करीन. तोपर्यंत अर्ज पाठवू नकोस. आणि सरांशीही बोलू नकोस.

आई-बाबांना नमस्कार. तुझ्या आईच्या हातची सांडग्यांची भाजी फार आठवते.

तुझीच,
भामा


भिलाई, सेक्टर २
२७ जानेवारी १९६२

प्रिय भामा,

वही आज रजिस्टरने टाकली. पावती माझ्याजवळ आहे.

पोस्टात जायच्या आधी घरी चांगलीच गंमत झाली. बाबा सकाळपाळी करून आले होते. मी वही पुठ्ठ्यात बांधत होते.

"काय बांधून राहिली व?"

"सहलीची वही. भामाले पाठवतो."

"तुनं नक्कल काढली का?"

"बाबा, भामा हाय ती!"

"असंन भामा. आमी फर्नेसवर एवढं मोठं लोखंड चढवतो, पण एका दोरावर भरोसा नाई ठेवत. दुसरा दोर लावतोच. दोर वाईट हाय म्हणून नाई लावत."

मी हसले. आई म्हणाली, "त्या पोरीले काई बोलू नका. आपल्या घरी पहिल्या दिवशी आली तवाच चुलीपाशी बसून जेवली होती ते." मग बाबांनी पुठ्ठ्याला सुतळी बांधून दिली.

त्या दिवसाची गोष्ट आई अजून सगळ्यांना सांगते. आणि मी सहलीतली सांगते. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात पहिल्या संध्याकाळी शीला आणि तिच्यासोबतच्या दोघींनी माझ्याजवळची ताटं उचलून पलीकडे नेली. तू उठलीस. आपलं ताट घेऊन आलीस, माझ्यासमोर मांडी घातलीस आणि माझ्याच ताटातलं लोणचं उचललंस. मी त्या वेळी काही म्हटलं नाही. आज लिहिते.

परवा केवलराम इथे येऊन गेला. सोबत त्याची बायको होती. धोंडबाच्या ट्रकने कवर्ध्यापर्यंत आणि पुढे बसने आले. क्वार्टरच्या पायरीवरच बसून राहिले, आत यायला तयार नव्हते. आईने हात धरून आणलं तेव्हा आले. तो माणूस जंगलात किती बोलायचा, आठवतं? कुठल्या गवतात मादी पिल्लू लपवते, नर चिखलात लोळून अंगाला वास कसा लावतो, सगळं. इथे पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "बाई, मैं तो ओ जानवर मन ला गिन-गिन के राखे रहेंव." मोजून मोजून राखली होती म्हणे त्याने.

मी त्याला सांगितलं, घाबरू नको, आम्ही दोघींनी पाहिलंय. दोघी सांगू.

वहीत एकसष्ट बारशिंग्यांचा आकडा आहे, तो सत्तावीस तारखेचा. अठ्ठावीसला गोळीनंतर कळप पांगला, म्हणून तिथे मोजणी अपुरी आहे. वकिलांना हे समजावून सांग.

तुझी,
हिरा


अजनी, नागपूर
८ फेब्रुवारी १९६२

प्रिय हिरा,

वही पोचली. अष्टग्रही टळली, जग आहे तिथेच आहे.

वकील निवडणुकीच्या गडबडीत आहेत, त्यामुळे भेट लांबली. मावशीला जरा उतार आहे. मला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून हे चार ओळींचं.

एक सांगू? इथे कोणी म्हणत होतं की देवीदास शेठने दुर्गच्या कितीतरी मुलांच्या शिक्षणाला हात दिलाय. माणूस अगदीच वाईट नसतो ग. त्या सकाळी त्यांच्या हातून झालं ते झालं. केवलरामचं भलं झालं म्हणजे आपलं काम झालं, नाही का? कुणाला तरी फासावर चढवायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

भामा


भिलाई, सेक्टर २
१६ फेब्रुवारी १९६२

प्रिय भामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हे तुझं बोलणं नाही. तुझ्याजवळ कोणीतरी उभं राहून लिहवून घेतलंय की काय असं वाटलं. खरं सांग, तुझ्या बाबांवर कोणी दडपण आणलंय का? ते रेल्वेत गार्ड, शेठचा माल रोज दुर्गच्या यार्डातून जातो. तक्रार करून त्यांना त्रास देणं शेठला जड नाही. तसं असेल तर मला मोकळेपणी लिही. अर्जावर तुझी सही नसली तरी चालेल. फक्त चौकशीला साहेबांनी विचारलं तर तू खरं तेवढं सांग.

चौकशीची तारीख लागली. १४ मार्च, पार्कच्या रेंज ऑफिसात. तुझं थांब-थांब ऐकून मी थांबले असते तर तारीख निघून गेली असती. म्हणून माफ कर, अर्ज मी माझ्या एकटीच्या सहीने पाठवून दिला. दुसरी साक्षीदार म्हणून तुझं नाव आणि नागपूरचा पत्ता दिलाय.

त्याचा परिणाम लगेच झाला. हिवरकर सरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. समोर आपण आणलेले पावलांचे प्लास्टरचे साचे मांडलेले होते.

"हिरा, तुझ्या घरातून कॉलेजात आलेली तू पहिलीच ना?"

"हो सर."

"मग हे कशाला? शेठनी गाड्या दिल्या म्हणून सहल झाली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी जंगल बघायचं नाही का?"

"सर, आपण तिथे बारशिंगे मोजायला गेलो होतो. त्यातला एक कमी झाला. तो कुठे गेला हे लिहायला नको?"

सरांनी एक साचा उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याकडे आहेत, हे लक्षात ठेव." आणि लगेच, खालच्या आवाजात, "मला दोन मुली आहेत ग." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माणूस घाबरला की कसा दिसतो ते पाहिलं, बस.

आता मला फक्त तू हवीस. वकील भेटोत न भेटोत, वही परत पाठव. १४ तारखेला ती हातात पाहिजे.

तुझी,
हिरा


भिलाई, सेक्टर २
२ मार्च १९६२

सत्यभामा,

पंधरा दिवस तुझं उत्तर नाही म्हणून काल तुझ्या दुर्गच्या घरी गेले होते. तू आजारी पडलीस की काय, हे विचारायला.

अंगणात चुना कालवलेला होता. दोन माणसं भिंती रंगवत होती. तुझी आई ओसरीत पापड लाटत होती, सोबत शेजारच्या चारपाच बाया. तुझी आई मला पाहून उठली, हाताचं पीठ पदराला पुसलं.

"ये व हिरा. तुले पत्रिका द्याले शालूले पाठवणारच होतो. छापून आल्या नाई अजून."

"कशाच्या पत्रिका, काकू?"

"हे पाय! तुले सांगितलंच नाई का भामीनं? तिचं साक्षगंध झालं न नागपूरले. तीन जानेवारीले. पौष लागाच्या आत उरकून टाकलं. लग्न वैशाखात. पोरगा देवीदास शेठचा भाचा हाय. दिवाळीपासून बोलणं चालू होतं. शेठ तुमच्या सहलीले काहून आले होते मंग? पोरगी पाहाले! आठ दिवस बरोबर राहिलं म्हंजे पोरगी कशी हाय ते समजते, म्हणे."

मी तिथे उभी होते. बायांपैकी एकीने माझ्या हातात पापडाची लाटी दिली, मी ती धरून उभी राहिले. काकूंनी सिंधुमावशींचीही खबर सांगितली. त्या ठणठणीत आहेत. साक्षगंधाचा सगळा स्वयंपाक त्यांनीच केला.

म्हणजे तीन जानेवारीला तुझं साक्षगंध झालं. वीस जानेवारीला तू मला वही मागितलीस.

मला बाकी काही विचारायचं नाही. माझी वही कुठे आहे?

हिरा


अजनी, नागपूर
६ मार्च १९६२

हिरा,

आईने सांगायला नको होतं. मी स्वतः सांगणार होते. रोज कागद घेऊन बसत होते.

हो, शेठ मला बघायला आले होते. मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. मचाणावर तुझा हात मी दाबला तो त्या जनावरासाठी नव्हता. जीप पाहून मी ओळखलं होतं आणि माझ्या मनात एकच आलं, आता हे मोडणार. मी त्यासाठी रडले. तुला खोटं सांगण्यापेक्षा हे लिहिणं बरं.

तू माझ्या घरचं पाहिलंयस. माझ्यामागे शालू आणि आणखी दोघी. बाबांना दमा आहे, लाइनवर किती वर्षं जातील? या घरी मी गेले तर त्या तिघींचं होईल. मामांनी (शेठना मी आता मामाच म्हणते) पहिल्यांदा वहीबद्दल साधंच विचारलं, बघू तरी काय लिहिलंय मुलींनी. मी दिली. नंतर मागितली तेव्हा म्हणाले, कागदपत्रांत कुठे गेली कोण जाणे. मी पुन्हा मागू शकत नाही हिरा. त्या घरात मी अजून पाहुणी आहे.

तुझं तसं नाही. तुला कोणी अडवत नाही. तुझे बाबा कुणाला भीत नाहीत. तू कुठेही उभी राहिलीस तरी उभी राहतेस. माझ्यात ते नाही, हे तुला आधीपासून माहीत होतं ना? मग माझ्यावर एवढा भार का टाकलास?

चौकशीला मी येणार नाही. लेखी म्हणणं कळवलंय. तू जाऊ नकोस असं मी सांगत नाही. पण गेलीस तर स्वतःला जप.

भामा


भिलाई, सेक्टर २
१८ मार्च १९६२

सत्यभामा,

तुझं लेखी म्हणणं मी ऐकलं. तू मला त्यात काय लिहिलंयस ते सांगितलं नव्हतंस. म्हणून मी काय ऐकलं ते तुला सांगते.

बाबांनी दोन दिवसांची रजा काढली. वहीचं मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं, बसमध्ये दोराची आठवण देतील. दिली नाही. कवर्ध्याला उतरून पेरू घेतले, निम्मे मला दिले, एवढंच.

रेंज ऑफिसच्या व्हरांड्यात केवलराम आणि त्याची बायको आमच्याआधी येऊन बसली होती. त्याने धुतलेली खाकी घातली होती, पण पट्टा काढून घेतलेला. मला पाहून तो उठला आणि माझ्या मागे पाहिलं. आणखी कोणी उतरतंय का ते पाहिलं.

आत साहेब, एक कारकून, आणि शेठचे वकील. शेठ नव्हते. साहेब मला वाईट वाटले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली. मी अर्जात लिहिलं तेच सांगितलं, एक शब्द कमीजास्त नाही. मग वकिलांनी तुझा कागद पुढे केला आणि साहेबांनी तो इंग्रजीत मोठ्याने वाचला.

त्या सकाळी दाट धुकं होतं. कुठलीही गाडी दिसली नाही. बंदुकीचा आवाज गार्डच्या झोपडीच्या दिशेने आला. आणि शेवटी, "माझी सोबतीण हिरा त्या वेळी मचाणावर झोपलेली होती. वहीतली नोंद तिने नंतर मनाने लिहिली."

झोपलेली होती.

भामा, आवाजाची दिशा, धुकं, हे मी समजू शकले असते. तुझं लग्न आहे, तू भ्यालीस. पण मला झोपवायची काय गरज होती? तू नुसतं "मी पाहिलं नाही" म्हणाली असतीस तरी तुझं घर वाचलं असतं. तू माझे डोळे काढून घेतलेस.

साहेबांनी विचारलं, "मूळ वही कुठे आहे?"

मी म्हटलं, "जिचा कागद तुम्ही वाचलात, तिला दिली."

"का दिली?"

"ती माझी मैत्रीण होती."

साहेबांनी चष्मा काढला. कारकून लिहायचा थांबला, आणि मग ते वाक्य त्याने लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी साहेबांना सांगितलं, मी झोपले नव्हते. मैदानाचा नकाशा कितीही वेळा काढायला सांगा, नाला कुठे, जीप कुठे, नर कुठे पडला, सगळं काढून दाखवते. त्यांनी कागद दिला. मी काढला. त्यांनी तो फायलीत लावून घेतला. वकील म्हणाले, नकाशा तर कोणीही काढील.

सगळ्यांत वाईट ते त्यानंतर झालं. दाराशी उभ्या केवलरामला इंग्रजी कळत नव्हतं. पण कागदात तुझं नाव आलं ते त्याने ऐकलं. मी बाहेर आले तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"दूसर बाई घलो लिख के भेजिस?"

दुसऱ्या बाईनेही लिहून पाठवलं का, असं विचारत होता. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "हव, भेजिस." खोटं नव्हतं ना? तू पाठवलंच होतंस. त्याच्या बायकोने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलाशी बोटं मोडली. मला तिथे उभं राहवेना. बसची वेळ झाली म्हणून मी चालू लागले.

हिरा


दुर्ग
२५ एप्रिल १९६२

प्रिय हिरा,

पत्रिका सोबत आहे. ९ मे. मी दुर्गला आले आहे, तुझ्यापासून चार कोसांवर, आणि तुझ्या दारी यायची हिंमत नाही.

तो कागद वकिलांनी लिहिला होता. मी वाचून सही केली, हे मी नाकारत नाही. ते वाक्य आलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे नको. ते म्हणाले, एवढं नसेल तर बाकीचं टिकत नाही. बाबा दारात उभे होते. मी सही केली.

मला कळलं की केवलरामवर खटला झाला नाही, पण हलगर्जीपणा म्हणून नोकरीतून कमी केलं. मी मामांकडे शब्द टाकलाय. त्यांच्या लाकडाच्या टालावर चौकीदाराची जागा आहे. राहायला खोलीही देतील. तू त्याला सांग. तुझं तो ऐकेल.

आणि तू लग्नाला ये. नुसती उभी राहा माझ्याजवळ. मी इकडे सगळ्यांना सांगितलंय, माझी मैत्रीण येणार. तू आलीस तर मला वाटेल की काहीतरी राहिलं. मला तेवढं दे. मी पुन्हा कधी काही मागणार नाही.

तुझीच,
भामा


भिलाई, सेक्टर २
२ मे १९६२

सत्यभामा,

टालावरची जागा केवलरामला सांगायची गरज उरली नाही. तो महिनाभरापासून भिलाईतच आहे. कारखान्याच्या एक्सपान्शनच्या कामावर बाबांनी त्याला आपल्या गँगमध्ये लावून घेतलंय. तो आणि त्याची बायको दोघंही गिट्टी वाहतात, पलीकडच्या झोपड्यांत राहतात. उन्हाने आणि धुळीने त्याचा खोकला जात नाही. सायरन झाला की तो अजून दचकतो आणि आमच्याकडे पाहून हसतो.

प्रॅक्टिकलमध्ये सरांनी मला पास केलं, कसंबसं. झूलॉजी मी सोडणार नाही. ते कुणाच्या मेहेरबानीवर घेतलेलं नव्हतं.

लग्नाला मी येणार नाही. का येणार नाही ते लिहिते, म्हणजे तुला दुसरं कारण शोधावं लागू नये.

मागच्या रविवारी दुपारी केवलराम आमच्याकडे आला. तुझं लग्न ठरल्याचं त्याला धोंडबाकडून कळलं होतं. कुणाशी ठरलं ते कळलं नव्हतं. गावाकडून येणाऱ्या कोणाकडून तरी त्याने चारोळी मागवली होती, स्वतःच्या बायकोने फोडून साफ केलेली, फडक्याच्या पुरचुंडीत. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाला, दुसऱ्या बाईने माझ्यासाठी लिहून दिलं, लग्नाच्या खिरीत हे घाला म्हणावं.

ती पुरचुंडी मला उचलवेना. महिनाभर तो जेव्हा जेव्हा भेटला, तेव्हा तेव्हा त्याने तुझी चौकशी केली होती आणि मी, ती बरी आहे, बरी आहे, म्हणत आले होते. त्या दिवशी मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कागदात काय होतं ते शब्दाला शब्द. वही कुठे गेली ते. नवरदेवाचा मामा कोण ते. आई चुलीपाशी ऐकत होती. तिला मी तोपर्यंत वहीचंच सांगितलं होतं, कागदाचं नाही. तिने पदर तोंडाला लावला.

केवलरामने सगळं ऐकून घेतलं. तुला शिवी दिली नाही. शेठलाही दिली नाही. पुरचुंडी उचलून पुन्हा कमरेला खोचली. दारापर्यंत गेला आणि वळून मला विचारलं,

"लिखत बेरा ओखर हाथ नइ कांपिस, बाई?"

लिहिताना तिचा हात कापला नाही का?

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते तुलाच माहीत आहे, सत्यभामा. मला कळवू नकोस.

हिरा